शुद्ध भाषेचा शेवटचा दिवस

वाक्य माझंच होतं. फाईलमधून एक जुना, चार घड्या घातलेला कागद टेबलावर पडला, तो मी उलगडला आणि दुसऱ्याच ओळीत मला माझं वाक्य भेटलं. खाली माझं नाव नव्हतं, असणारही नव्हतं. पण आपण रचलेलं वाक्य माणूस सत्तावीस वर्षांनीही ओळखतो. मी कागदावर हात ठेवला आणि आधी दाराकडे पाहिलं. दारात लेमोनिया उभी होती. ही आमची, अथेन्सच्या मंत्रालयातली टंकलेखिका, तेवीस वर्षांची, जिभेला हाड नसलेली. तिच्या एका हातात परिपत्रक होतं आणि दुसऱ्या हातात नव्या वर्षाच्या केकची बशी. "साहेब, आज मनसोक्त लिहून घ्या," ती म्हणाली. "उद्यापासून तुमची ती आजोबांची शुद्ध भाषा बंद. सगळे कागद बोलीत. मला तर बाई सुटल्यासारखं झालंय. तुमचं एक वाक्य टाईप करायला रिबीन अर्धी संपते." मी नेहमीसारखं काहीतरी खोचक बोलायला हवं होतं. मी नुसतं "बशी ठेव तिथं" म्हणालो. तिनं माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "ती आजी सकाळी साडेसातपासून बाकावर बसलीये," ती म्हणाली. "गावाहून रात्रभर बसनं आलीये. तिला केकचा तुकडा दिला तर रुमालात बांधून ठेवला. म्हणाली, हा मुलाचा. आता तुम्ही तिला आत बोलवा, नाहीतर मीच काहीतरी सांगून टाकीन."

आजीचं नाव मला फाईलवरून कळलं होतं: एलिसावेत, विधवा कार्वुना, वय त्र्याहत्तर. फाईल तिच्या मुलाची, स्तेर्यिओसची. यादवी युद्धात तो डोंगरात बंडखोरांबरोबर होता, हरल्यावर सीमा ओलांडून गेला आणि गेली सत्तावीस वर्षं ताश्कंदला कुठल्याशा कारखान्यात काम करतो. हुकूमशाही गेल्यापासून अशा लोकांना अर्ज केल्यावर परत येऊ देतात, पण इथं त्यांना घरात घेणारं कुणीतरी लागतं. आईनं अर्ज केला होता: मुलाला मी ठेवून घेईन, घराला दोन खोल्या आहेत, एक बकरी आहे. मुलाचाही अर्ज आला होता. त्यात 'ग्रीसमधील नातेवाईक' या रकान्यात त्यानं एकच शब्द लिहिला होता: नाहीत. आणि पुरावा म्हणून हा कागद जोडला होता. एकोणीसशे एकोणपन्नासच्या उन्हाळ्यात विमानांतून डोंगरावर टाकलेल्या पत्रकांपैकी हा एक. आईनं मुलाला जाहीरपणे टाकल्याचं निवेदन, खाली अंगठा. सत्तावीस वर्षं त्यानं तो जपून ठेवला होता, घड्यांवर चिकटपट्टी लावून. आता नियमाप्रमाणे मला फाईल बंद करायची होती आणि आईला तसं कळवायचं होतं. कळवायची मुदत आज दुपारी एकपर्यंत. घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

मला पहिला विचार आला तो कागद खिशात घालण्याचा. दुसरा विचार त्याहून सभ्य होता, म्हणून जास्त वाईट होता. आजचा दिवस शुद्ध भाषेचा आहे. आज मी आईला शुद्ध भाषेत उत्तर देऊ शकतो. सगळं त्यात असेल, एक शब्द खोटा नसेल, आणि तिला काहीही कळणार नाही. ती मान हलवील, कागद रुमालाशेजारी ठेवील आणि संध्याकाळच्या बसनं गावी जाईल. उद्या हाच कागद बोलीत लिहावा लागला असता. उद्या ते जमलं नसतं. मी पेन उघडलं. पहिला शब्द दोनदा खोडला. मला स्वतःचाच राग आला, कारण चांगला मसुदा लिहिताना मी कधी खाडाखोड केलेली नाही.

त्या भाषेवर माझं प्रेम होतं, हे मी लपवणार नाही. तिच्यावर हसणं आता सोपं आहे. हुकूमशाहीतल्या कर्नलांनी सात वर्षं तीच भाषा तोंडात घोळवून माणसं तुरुंगात घातली, त्यामुळे आजकालच्या पोरांना तिचा वासही नको असतो. पण माझा बाप चांभार होता. आमच्या गावात दुकानांच्या पाट्या एका भाषेत होत्या आणि आत शिरून मागायचं ते दुसऱ्या भाषेत. पाव, मासे, पाणी, घर, सगळ्यांना दोन दोन नावं, एक पाटीवरचं आणि एक तोंडातलं. मला वाटायचं, पाटीवरचं नाव खरं आणि तोंडातलं आपलं गरिबाचं. मास्तर सांगायचे, आपली भाषा अडीच हजार वर्षांची आहे, चारशे वर्षं तुर्कांच्या हाताखाली राहून ती मळली, आता ती घासूनपुसून पहिल्यासारखी करायची आहे, आणि ते काम तुम्हा पोरांचं. बापानं तर त्याआधीच माझं नाव पेलोपिदास ठेवलं होतं, कुठल्या तरी प्राचीन सेनापतीचं. पायात चप्पल नाही आणि नाव सेनापतीचं! आई पेलोस म्हणायची. मास्तर सगळ्या वर्गासमोर पूर्ण नाव उच्चारायचे तेव्हा माझ्या अंगावर काटा यायचा. आजोबांच्या तरुणपणी इथं अथेन्समध्ये बायबलमधलं शुभवर्तमान बोलीत छापलं म्हणून दंगल झाली, माणसं मेली, हे ऐकून दुसऱ्या मुलांना हसू यायचं. मला नाही आलं. मला कळत होतं दंगल करणाऱ्यांचं. ती भाषा हातची गेली असती तर आम्ही कोण उरलो असतो? बकऱ्या राखणारे, तुर्की शब्द मिसळून बोलणारे, कुठल्याही डोंगरातले कुणीही. ती भाषा अंगावर चढवली की मी चांभाराचा पोरगा राहत नसे.

माझ्या आईशी मात्र ती भाषा कधी जमली नाही. मी अथेन्सला आलो, शाखाप्रमुख झालो. ती महिन्यातून एकदा गावातल्या कॉफीच्या दुकानातून फोन करायची. टेबलाभोवती सहकारी असले की मी तिच्याशीही शुद्ध भाषेत बोलायचो. 'आपली प्रकृती कशी आहे' असं विचारायचो.  ती म्हणायची, "तू कामात आहेस वाटतं," आणि फोन ठेवायची. पाच वर्षांपूर्वी ती गेली. शेवटच्या फोनला तिनं काय म्हटलं ते मला आठवत नाही, पण मी काय म्हटलं ते शब्दशः आठवतं, आणि ते आठवलं की मी रस्त्यात थांबतो आणि जवळच्या संत्र्याच्या झाडाला हात टेकतो. ती कडू संत्री कुणी खात नाही, नुसती फुटपाथवर पडून फुटतात.

एकोणपन्नास साली मी बावीस वर्षांचा होतो. थेसली प्रांतातल्या आमच्या तालुक्याच्या कचेरीत नवा कारकून. ज्यांची पोरं डोंगरात होती त्या घरांना मदतीचं पीठ बंद होतं. निवेदनावर अंगठा दिला तर पीठ सुरू. निवेदनाचा मसुदा वरून आला होता, पण तो रद्दी होता, कुणा सार्जंटानं लिहिल्यासारखा. मी तो नव्यानं रचला. कुणी सांगितलं नव्हतं. वरिष्ठांनी वाचून माझ्या पाठीवर थाप मारली. त्या उन्हाळ्यात तालुक्यातल्या निदान सत्तर बायांच्या तोंडी माझी वाक्यं गेली. त्या रांगेत उभ्या राहायच्या, काळी वस्त्रं, हातात रिकामी पिशवी. मी प्रत्येकीला निवेदन वाचून दाखवायचो, कारण नियम तसा होता: वाचून दाखवले, समजले, मान्य आहे. त्यातली एक मला आठवत होती, आणि तीच आत्ता बाहेर बाकावर बसली होती की दुसरी कुणी, हे ठरवायचं मी सकाळपासून टाळत होतो. पत्रकावर तिचं नाव एलिसावेत होतं. मला आठवणारी बाई नाव विचारल्यावर म्हणाली होती, "जांबेता." मी म्हटलं होतं, "तुझं खरं नाव एलिसावेत. जांबेता ते गावंढळ." ती म्हणाली होती, "असेल बाबा. तू शिकलेला."

मग मी तिला वाचून दाखवलं. अजून पाठ आहे मला, पत्रक न बघता म्हणून दाखवीन. 'अधोस्वाक्षरीकर्ती एलिसावेत, सदसद्विवेकबुद्धीच्या प्रेरणेने व मातृभूमीच्या पवित्र चरणांस साक्ष ठेवून, स्वगर्भोत्पन्न तथापि राष्ट्रद्रोहाच्या पंकात निमग्न झालेल्या पुत्राचा आमरण परित्याग करीत असून, तद्विषयक शुभाशुभ वार्ता श्रवण करण्यासही यापुढे अनिच्छुक आहे.' मी ते चर्चमध्ये वाचतात तसं वाचलं, आवाज जरा लांबवून, कारण वाक्यच तसं होतं. आणि त्या बाईनं पिशवी खाली ठेवली, तीन बोटं जुळवली आणि अंगावर क्रूस काढला. एकदा नाही, तीनदा. तिला देवाच्या घरची भाषा तेवढी माहीत होती, ती रविवारी ऐकायची, कळत नसे पण देवाला कळते एवढं तिला ठाऊक होतं. मी तशाच भाषेत वाचत होतो आणि मध्ये पुत्र हा शब्द आला होता. तिनं विचारलं, "हे माझ्या स्तेर्योसाठी आहे ना बाबा?" मी म्हणालो, "त्याच्याविषयीच आहे." तिनं कागद घेतला, चर्चमधल्या तसबिरीचं चुंबन घेतात तसं त्याचं चुंबन घेतलं, आणि मग अंगठा दिला. मी खोटं बोललो नव्हतो. सत्तावीस वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो. त्याच्याविषयीच होतं.

त्या वेळी मला काय वाटलं तेही सांगून टाकतो. मला अभिमान वाटला. माझ्या वाक्यावर कुणी क्रूस काढला होता.

पावणेबाराला माझा मसुदा तयार झाला. चांगला झाला होता. एक वाक्य, नऊ ओळी, मध्ये कुठं खाचखळगा नाही. पुत्राने नातेसंबंधांचे अस्तित्व नाकारले असल्याकारणाने, पूर्वकालीन घोषणापत्राच्या अनुषंगाने, प्रकरण निकाली काढण्यात येत आहे. मी लेमोनियाला हाक मारली आणि आजीला आत पाठवायला सांगितलं.

ती लहानखुरी झाली होती. डोक्याला काळा रुमाल, हातात केकची गाठोडी. तिनं मला ओळखलं नाही, आणि मला हायसं वाटलं. याची मला अजून लाज वाटते. "बसा आजी," मी म्हटलं. ती खुर्चीच्या कडेवर बसली. "आला का त्याचा कागद?" तिनं विचारलं. "येतोय ना तो? दरवर्षी नव्या वर्षाला त्याचा तुकडा कापते मी. आधी देवाचा, मग घराचा, मग त्याचा. सून नाही, नातू नाही, त्याचा तुकडा मीच खाते तिसऱ्या दिवशी. किती पत्रं लिहवून घेतली शाळामास्तरांकडून, एकाचं उत्तर नाही. पोरगा रागावला असेल कशावर तरी. कशावर ते कळलं असतं तर बरं झालं असतं." लेमोनिया दारातच उभी होती. तिला जायला सांगायचं मला सुचलं नाही.

"उत्तर वाचून दाखवतो," मी म्हणालो आणि वाचायला लागलो. आवाज आपोआप लांबला. पुत्राने, मी म्हणालो, आणि कागदाच्या वरच्या कडेवरून मला दिसलं की तिनं गाठोडी मांडीवर ठेवली, उजवा हात उचलला, तीन बोटं एकत्र आणली आणि ती कपाळाकडे चालली.

मी थांबलो. हात कपाळाशी पोचला होता. "थांबू नको ना," ती म्हणाली. "छान वाचतोस. चांगलंच असणार काहीतरी."  तिचा हात तसाच कपाळाशी होता आणि मी पुढचा शब्द उच्चारला असता तर तो छातीकडे खाली आला असता, मग उजव्या खांद्याला, मग डाव्या. मला वाटलं, आत्ता मी वाचलं तर यापुढे मला कुठलीच भाषा उरणार नाही. मी म्हणालो, "आजी, हात खाली घ्या. हे देवाचं नाही."

मग मी सांगितलं. कसं सांगितलं ते नीट आठवत नाही, कारण बोलीत सलग बोलायची मला सवयच राहिली नव्हती, शब्द गावच्या चुलीपाशी सोडून आलेले. मी पत्रक तिच्यापुढे ठेवलं. "हा तुमचा अंगठा. एकोणपन्नास सालचा. यात लिहिलंय, की हा माझा मुलगा नाही. मरेपर्यंत नाही. तो जगला की मेला तेही मला सांगू नका. हे विमानातून डोंगरावर टाकलं. त्याला मिळालं. त्यानं ते ठेवलं. म्हणून तो पत्रांना उत्तर देत नाही. त्यानं लिहिलंय, इथं माझं कुणी नाही."

दारात लेमोनियानं तोंडावर हात ठेवला. आजी पत्रकाकडे बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं, ती अंगठ्याकडेच बघत होती. "हे तर पिठाचं," ती म्हणाली. "आणि देवाचं. एका पोरानं वाचून दाखवलं होतं. मी विचारलं होतं त्याला. स्तेर्योसाठी आहे ना म्हणून विचारलं होतं. तो म्हणाला—"

"त्याच्याविषयीच आहे," मी म्हणालो.

तिनं मान वर केली. ती माझ्याकडे बघत होती. बाहेर रस्त्यावर मुलं लोखंडी त्रिकोण वाजवत नव्या वर्षाचं गाणं म्हणत दारोदार हिंडत होती. शिवी देईल, थुंकेल, ओरडेल, असं मला वाटत होतं आणि मी त्याची वाट बघत होतो, कारण त्यातलं काहीही सोपं होतं. ती म्हणाली, "वाच." मी म्हणालो, "सांगितलं ना आजी, त्यात—" "तसं नको. तेव्हा वाचलं होतंस तसं वाच. त्याच आवाजात."

मी वाचलं. अधोस्वाक्षरीकर्ती एलिसावेत.  ती दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकत होती, बोटं सुटी. परित्याग करीत असून, इथं मला पुढं जाता येईना. ती म्हणाली, "पुरं कर." मी पुरं केलं. तिनं क्रूस काढला नाही.

"आता लिही," ती म्हणाली. "मी सांगते ते लिही. तुझं नको." मी कोरा कागद घेतला. स्तेर्यो, ती म्हणाली, मी जांबेता, तुझी आई. मी लिहिलं. ती म्हणाली, वाच. मी वाचलं: प्रिय स्तेर्यो, मी तुझी आई जांबेता. "प्रिय मी म्हटलं नाही," ती म्हणाली. मी खोडलं. तुला जो कागद मिळाला त्याचं मी चुंबन घेतलं होतं. वाच. मी वाचलं, आणि तिथंही माझ्या हातानं 'अज्ञानवश' असा शब्द मध्ये घुसवला होता, मला कळलंही नव्हतं. "हे काय?" तिनं विचारलं. "म्हणजे, तुम्हाला माहीत नव्हतं," मी म्हणालो. "मग तेच लिही." मी लिहिलं. मला माहीत नव्हतं. मला वाटलं तू परत यावास म्हणून देवाला लिहिलंय. मी पीठ घेतलं आणि भाकरी केली आणि तुझ्या बहिणींना दिली. मीही खाल्ली.  घराला दोन खोल्या आहेत. मी मेले नाही अजून. वाच. मी वाचलं, या वेळी एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. त्यापुढे तिनं सांगितलं: ज्यानं तो कागद लिहिला आणि मला वाचून दाखवला तो माझ्यासमोर बसलाय. हे तोच लिहितोय.

मी पेन थांबवलं. हा कागद फाईलला लागणार होता. फाईल बंद करायच्या ऐवजी अर्जदार मुलाकडे खुलाशासाठी परत जाणार, त्याआधी चार टेबलांवरून फिरणार, जावक क्रमांक पडणार, सहसचिव वाचणार. आणि या वेळी ज्याच्या हातात पडेल त्याला तो कळणार, शिपायालासुद्धा. मी लेमोनियाकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण मला वाचवेल असं त्यात काही नव्हतं. पाऊण वाजला होता. मी लिहिलं. हे तोच लिहितोय.

"पहिल्यापासून वाच," आजी म्हणाली. मी वाचलं. "पुन्हा." मी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना ती माझ्याबरोबर ओठ हलवत होती. मग तिनं मान हलवली, म्हणाली, "हे कळलं मला." लेमोनियानं शाईचा डबा पुढं केला. आजीनं अंगठा बुडवला, कागदाच्या तळाशी नेला, आणि दाबला, जोरानं, नख पांढरं होईपर्यंत.

मी माझी सही करायला पेन घेतलं. ती सही सगळ्या मंत्रालयाला ठाऊक आहे. पूर्ण नाव, सेनापतीचं, शेवटी वळसा.

"ते नको," ती म्हणाली आणि शाईचा डबा माझ्याकडे सरकवला. "मला वाचता येत नाही. अंगठा दे."

मी अंगठा बुडवला आणि तिच्या अंगठ्याच्या शेजारी दाबला.